परवाना आहे, पण बँक तयार नाही

६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तान आणि सीरियाला ७.८ तीव्रतेच्या भूकंपाचा तडाखा बसला, तेव्हा इथे अमेरिकेत आम्ही काही मराठी मंडळींनी दोन्ही देशांसाठी वर्गणी काढली. तुर्कस्तानचे पैसे विनासायास गेले. सीरियावर मात्र तेव्हा अमेरिकेचे आर्थिक निर्बंध होते. त्या देशासाठी देणगी देताना एका बाईंनी पैसे पाठवण्याच्या ॲपमधील टिपणीच्या रकान्यात ‘सीरिया भूकंप मदत’ असे लिहिले आणि तेवढ्यावरून तो व्यवहार अडकला. रक्कम कोणासाठी आहे, कशासाठी आहे, घेणाऱ्याचे पूर्ण नाव काय, अशा चौकशीच्या ईमेल येऊ लागल्या.

वास्तविक अमेरिकेच्या अर्थखात्याने ९ फेब्रुवारीलाच भूकंपमदतीच्या व्यवहारांना १८० दिवसांची सर्वसाधारण परवानगी दिली होती आणि अन्न व औषधांना त्याआधीही सूट होतीच. निर्बंधांचे समर्थक नेमके याकडे बोट दाखवतात आणि मदतीला कोणी अडवलेलेच नाही, असे सांगतात. कागदावर ते खरे आहे. परंतु देणगीचा प्रवास कायद्याच्या पुस्तकातून होत नाही, तो बँकेच्या अनुपालन विभागातून, म्हणजे व्यवहार नियमांत बसतो की नाही हे तपासणाऱ्या विभागातून होतो. सुदान, इराण आणि क्युबावरील निर्बंध मोडल्याबद्दल बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेला २०१४ साली सुमारे ८९० कोटी डॉलर भरावे लागले, हे त्या विभागातील प्रत्येकाला ठाऊक असते. शंभर डॉलरच्या देणगीवर बँकेला सुटतात किती? त्यांच्या खुर्चीत मी असतो तर मीही बहुधा नकारच दिला असता. म्हणून सरकारने नुसता परवाना काढून भागत नाही. नेकीने पैसे पुढे पाठवणाऱ्या बँकेवर कारवाई होणार नाही, अशी लेखी हमीही त्यासोबत द्यायला हवी, असे माझे मत आहे.

सगळे खापर निर्बंधांवर फोडणेही प्रामाणिकपणाचे नाही. सुरक्षा परिषदेत रशियाने नकाराधिकार वापरल्यामुळे २०२० पासून वायव्य सीरियात संयुक्त राष्ट्रांच्या मदतीसाठी बाब अल-हवा हा एकच सीमामार्ग उरला होता. भूकंपानंतरचा त्यांचा पहिला ताफा तेथून ९ तारखेला आत गेला आणि आणखी दोन मार्ग उघडायला सीरियातील तेव्हाचे असद सरकार १३ तारखेला राजी झाले. तोवर वायव्य सीरियातल्या इदलिबमधले लोक हातांनी ढिगारे उपसत होते. त्यांच्या वाट्याला आलेल्या विलंबाचा अमेरिकी बँकांशी फारसा संबंध नव्हता.

परवान्याच्या मुदतीचा मुद्दा मला अधिक खटकतो. ऑगस्ट २०१२ मध्ये इराणच्या पूर्व अझरबैजान प्रांतात भूकंप झाला, तेव्हा स्वयंसेवी संस्थांसाठीचा अमेरिकेचा सर्वसाधारण परवाना निघायला दहा दिवस लागले आणि तोही ४५ दिवसांपुरता होता. तेवढ्यात तंबू आणि ब्लँकेटे पोहोचतील. घरे उभी राहत नाहीत.

‘देशाचे नाव लिहूच नका, म्हणजे पैसे जातात,’ असा सल्ला तेव्हा आमच्या गटातही फिरला. मला तो घातक वाटतो, कारण लपवाछपवी उघडकीस आली की संपूर्ण खातेच गोठते आणि खऱ्या संस्थेकडेही संशयाने पाहिले जाते. त्यापेक्षा आवाहन टाकण्यापूर्वीच संस्थेला विचारावे: तुमचे पैसे कोणत्या बँकेमार्फत जातात, कोणत्या परवान्याखाली जातात, आणि स्थानिक चलनात कोणत्या दराने बदलले जातात? या तिन्हींची उत्तरे लेखी देणाऱ्या संस्थेलाच मी आता वर्गणी देतो, आणि त्या उत्तरांची प्रत आवाहनासोबत जोडतो.