स्टाव्हरियानोस ग्रीसचे नव्हे, व्हँकुव्हरचे

एक फॉरवर्ड फिरतोय की इतिहासकार एल. एस. स्टाव्हरियानोस ग्रीसमध्ये जन्मले आणि आयुष्यभर फक्त बाल्कनचाच, म्हणजे आग्नेय युरोपचाच, इतिहास लिहीत बसले. दोन्ही चूक. आईवडील ग्रीक हे खरं, पण ते कॅनडात आले होते, आणि हे जन्मले १९१३ साली व्हँकुव्हरला, तिथेच बी.ए. केलं, मग अमेरिकेत क्लार्क युनिव्हर्सिटीत पीएच.डी. आणि १९४६ पासून नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीत शिकवलं. बाल्कनवरचा १९५८ चा ग्रंथ जबरदस्तच आहे, वादच नाही, पण खरं मोठं काम जागतिक इतिहासाचं. लंडन, पॅरिस, पेकिंग किंवा दिल्लीत बसून नाही, चंद्रावरून अख्खी पृथ्वी दिसावी तसा इतिहास बघा, असं ते पाठ्यपुस्तकातच सांगायचे. एवढ्या मोठ्या माणसाला नुसतं 'बाल्कनवाला' म्हणणं अन्यायच आहे, कृपया दुरुस्त करूनच पुढे पाठवा.