पुण्याखाली काळा पाषाण आहे, मान्य. पुढे?

इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा विषय निघाला आणि तासाभरात सोसायटीच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड हजर झाला: पुणे अखंड काळ्या पाषाणावर आहे, दगड काही वाकत-सरकत नाही, कोयनेचा भूकंप धरणामुळे झाला, आणि बारीक धक्के बसले तर उलट बरंच, जमिनीतला जोर निघून जातो. खडक कसे वाकतात, कसे सरकतात हे बघण्यातच माझी सगळी नोकरी गेली, म्हणून हा खटाटोप.

अखंड? कात्रजच्या घाटात गाडी बाजूला घ्या आणि कापलेला डोंगर बघा. लाव्ह्याचे थरावर थर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची चळत. खरा मामला तिच्या खाली आहे. कोयनेजवळ तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, तेव्हा साधारण सव्वा किलोमीटरवर बेसाल्ट (म्हणजे हाच काळा पाषाण) संपून ग्रॅनाइटच्या जातीचा खडक लागला. किल्लारीत तर ३३८ मीटरवरच. भूकंप उठतो तो या खालच्या खडकातल्या भेगांवर. वरचा पाषाण झाकणासारखा सोबत हलतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा विसर्जन आटोपून लोक निजले होते, त्या किल्लारीखालीही काळाच पाषाण होता.

दगड वाकत नाही, हे हातोडीपुरतं खरं. संगमरवराची कांडी चोहोबाजूंनी दाबात धरून वरून रेटली तर फुटत नाही, पिंपासारखी फुगते. हे १९११ सालीच प्रयोगात दिसलं. खोलवरच्या उष्णतेत गारगोटीसुद्धा सावकाश वाहते. वरचा थंड खडक मात्र अडून बसतो, ताण साठवतो आणि एकदम निसटतो. निसटल्या जागी ओरखडे उरतात. तळहात एका दिशेने फिरवा, गुळगुळीत; उलटा फिरवा, खरखर. सरकण्याची दिशा मी पहिल्यांदा अशी हाताने वाचली. (हा नियम दर वेळी खरा ठरत नाही, हे पुढे कळलं.)

धरणाचं म्हणणं अर्धं बरोबर. पाणी भेगेत मुरतं, तिच्या दोन्ही बाजू एकमेकींवर आवळून धरणारा जोर घटतो, आणि आधीच सुटायला टेकलेली भेग सुटते. पण तो ताण पाण्याने आणलेला नसतो. भारताचा भूपट्ट उत्तरेला हिमालयात रेटला जातोय, त्यातून तो आलेला. नाहीतर पानशेत, वरसगावच्या धरणांपाशीही कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ घडला असता.

बारीक धक्क्यांचा हिशोब सोपा आहे. तीव्रतेच्या एका अंकाला ऊर्जा सुमारे ३२ पट. सहाचा भूकंप चारच्या धक्क्यांनी फेडायचा तर हजारएक धक्के लागतील.

तारीख कोणी सांगू शकत नाही, मीही नाही. पण २००२ च्या भूकंपक्षेत्रांच्या नकाशात पुणे तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, क्षेत्रात आहे, आणि आपली इमारत पार्किंगसाठी तळाला भिंतींशिवाय नुसत्या खांबांवर उभी आहे. ऑडिटचा ठराव रविवारी पुन्हा मांडतोय. येताना जिन्यालगतच्या खांबापाशी जरा थांबा. पोपडा निघालाय तिथे गंजलेला गज दिसतो.