मान्यता म्हणजे नुसत्या फाईली नाहीत

सध्या एक मेसेज खूप फिरतोय, की ट्रेनिंग सेंटरची मान्यता म्हणजे नुसत्या फाईली, ट्रेनरला काम येत असलं की बास, आणि रिझल्ट 100 टक्के असेल तर डोळे झाकून ॲडमिशन घ्या. तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि यात शिकणाऱ्यांची वर्षं वाया जातात म्हणून लिहितोय.

आधी रिझल्टचं. शिकवणं चांगलं असेल तर 100 टक्के येतीलही, पण परीक्षा सेंटरनेच घेतली, तपासली पण त्यांनीच आणि फी भरलेल्याला नापास करायचं कुणाच्या मनातच नाही, तरीही आकडा 100च येतो ना? म्हणून मान्यतेची मानकं, म्हणजे सेंटरने पाळायचे नियम, आकडा सोडून पुरावा मागतात. ऑस्ट्रेलियाच्या नियमांत पुराव्याच्या चार अटी आहेत: जे काम तपासायचंय त्याचाच हवा, पुरेसा हवा, त्याच विद्यार्थ्याचा हवा आणि ताजा हवा. वेल्डिंग शिकणाऱ्याने एकदा एक जॉइंट नीट मारला म्हणजे तो वेल्डर झाला का? वेगवेगळ्या पोझिशनला, वेगळ्या जाडीच्या प्लेटवर, परत परत जमलं पाहिजे, आणि असेसर (काम तपासणारा) बदलला तरी निकाल बदलता कामा नये. तिथल्या 2015 च्या मानकांत तर प्रत्येक कोर्सची असेसमेंट 5 वर्षांत एकदा तरी त्या बॅचशी थेट संबंध नसलेल्या माणसाने तपासायची असं होतं. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा नियम हाच.

ट्रेनरचं म्हणाल तर काम येणं हवंच, त्यावर वाद नाही. पण मुरलेल्या माणसाचा हात सवयीने चालतो, मधली पायरी कुठली हे त्याला सांगताच येत नाही आणि नवखा नेमका तिथेच अडतो. उलट नुसतं शिकवतच राहिलेल्याला आता कुठली मशीन वापरतात हे माहीत नसतं. म्हणून शिकवायचं प्रशिक्षण आणि कामाचा चालू अनुभव दोन्ही मागतात.

आता फाईली. ऑडिटच्या आदल्या रात्री सह्या करून भरलेल्या फाईली असतात, हे खरंय, आणि अशा सेंटरची मान्यता काढूनच घेतली पाहिजे. पण त्याच 2015 च्या मानकांत सर्टिफिकेटची नोंद 30 वर्षं जपायची सक्ती होती. 12 वर्षांनी नवीन नोकरीत कुणी सर्टिफिकेट खरं आहे का विचारलं आणि तुमच्याकडचा कागद हरवला असेल, तर तीच नोंद तुमच्या बाजूने बोलते.