गाडीत राहण्याचा हक्क कोर्टाने दिलेला नाही

परवा भाच्याचा फोन आला. सॅन होजेला एमएस करतोय. ‘मावशी, रूम सोडतोय, जुनी व्हॅन घेतोय.’ मागच्या सीट काढून तिथे टाकायच्या फोमच्या गादीची मापंही तयार! कारण आपल्या लोकांत फिरणारा मेसेज: ‘कॅलिफोर्नियात गाडीत राहणं हा कोर्टाने दिलेला हक्क आहे. कुठेही राहा, 72 तासांनी गाडी थोडी पुढे घ्या, कुणी हात लावू शकत नाही.’ दोन दिवसांत हाच मेसेज मला तिघांकडून आला.

आधी त्या हक्काचं बोलू. मेसेजचा आधार आहे 2014 चा ‘डेझर्टरेन विरुद्ध लॉस एंजेलिस’ निकाल. नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने (पश्चिमेकडच्या राज्यांचं केंद्रीय अपील कोर्ट) लॉस एंजेलिस शहराचा 1983 चा नियम रद्द केला, एवढं खरं. का केला, ते वाचायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. रस्त्यावर उभी गाडी रात्रभर, रोजच्या रोज ‘किंवा अन्य प्रकारे’ राहण्यासाठी वापरू नये, असा तो नियम. राहणं म्हणजे नक्की काय, याचा पत्ता नाही. गाडीत अंथरूण, कपडे, खाणं दिसलं की पोलीस धरायचे. एक बाई सिरॅमिकच्या वस्तू विकायला आपली आरव्ही, म्हणजे राहण्याची सोय असलेली मोठी गाडी, चालवत निघाली होती. गाडी चालू असताना तिला अडवून ताकीद दिली. कोर्टाने म्हटलं, हा नियम गाडीत बसून खाणाऱ्या कुणालाही लागू होईल, पण लावला जातोय तो बेघरांनाच. नियम मोघम म्हणून बाद झाला. राहण्याचा हक्क त्यातून कुणाला मिळाला नाही. 2016 मध्ये त्याच शहराने नेमक्या शब्दांत नवा नियम केला: वस्तीच्या रस्त्यांवर रात्री 9 ते सकाळी 6 गाडीत राहायला बंदी, शाळा आणि बागांजवळ दिवसरात्र.

त्यावर 2024 चा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा ग्रँट्स पास (ओरेगनमधलं एक शहर) निकाल आहेच. सार्वजनिक जागेत मुक्काम ठोकणाऱ्याला दंड करणं ही घटनेने मना केलेली क्रूर शिक्षा नाही, असं 6 विरुद्ध 3 मतांनी ठरलं. मेसेजमध्ये त्याचा उल्लेखही नाही.

‘कुठेही’ हेही चूक. नियम शहरागणिक बदलतात. सॅन होजेजवळच्या माउंटन व्ह्यू शहराच्या मतदारांनी 2020 मध्ये 40 फूट किंवा त्याहून अरुंद रस्त्यांवर मोठ्या गाड्या लावायला बंदी आणली. सॅन फ्रान्सिस्कोने 2025 मध्ये 22 फुटांहून लांब किंवा 7 फुटांहून उंच गाड्यांना दोन तासांची मर्यादा घातली. उंच छताची व्हॅन त्यात सहज येते.

72 तासांचं अर्धं खरं आहे, मान्य. बऱ्याच शहरांत रस्त्यावर एका जागी गाडी ठेवायची ती मुदत आहे. पण गाडी किती लांब हलवायची, हेही कित्येक ठिकाणी ठरलेलं असतं. चार फूट सरकवून भागत नाही. रजिस्ट्रेशन संपून सहा महिने उलटले, तरी गाडी उचलता येते. आणि भाच्या, त्या गाडीत तुझा लॅपटॉप, पासपोर्ट, आय-20 (व्हिसासाठी कॉलेजने दिलेला कागद) सगळंच असणार.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलेल्याने राहण्याचा पत्ता बदलल्यावर 10 दिवसांत कॉलेजला कळवायचा असतो. तू कोणता पत्ता देणार? मित्राचा खोटा पत्ता दिलास, तर पार्किंगच्या तिकिटापेक्षा कितीतरी मोठी अडचण व्हिसाची होईल. व्हॅनचे पैसे भरण्याआधी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसात जाऊन हे विचार. तोवर आमच्याकडे ये, खोली रिकामीच आहे.