खेड्यात माणूस विरळ, म्हणून साथ येत नाही? थांबा जरा राजेहो

कुठं तापाखोकल्याची बातमी आली का आपल्या विदर्भातल्या ग्रुपवर एक जुना मेसेज परत फिरायला लागते. त्याचं सार असं की साथ हा शहराचा रोग आहे, जितकी दाटी तितकी साथ, खेड्यात माणसं विरळ आणि हवा मोकळी, मग सोशल डिस्टन्सिंगचं नाटक आपल्यावर कशाला, आणि तसंही अंतर पाळून काय झालं, धारावीसारख्या दाटीतही कोरोना आटोक्यात आलाच ना. खाली हात जोडलेले इमोजी आणि "प्रत्येक शेतकऱ्यापर्यंत पोचवा". पोचला भाऊ. आता उत्तर घ्या.

"खेड्यात माणसं विरळ." 2011 च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला 74 माणसं, राज्याची सरासरी 365 आणि मुंबई उपनगरात वीस हजाराच्या आसपास. आकडे खरे आहेत, पण त्या 74 मध्ये जंगल धरलं, नदी धरली, डोंगर धरला, वावरं धरली. जंगलात कोण राहते, साग राहते. माणूस राहते गावठाणात, आणि तिथं आजीपासून नातवापर्यंत सहा-सात जण दोन खोल्यांत झोपतात, हिवाळ्यात दार-खिडकी लावून. काही टोल्यांवर घरं सुटी सुटी असतात हे मान्य, पण घराच्या आतमधलं काय? विषाणूला सातबारा वाचता येत नाही.

कापूस वेचणीचंच बघा ना. वावरात एकेक बाई आपापली पात धरून, दोघींच्या मधात चांगलं अंतर, वरून ऊन, वारा, म्हणजे सरकारच्या नियमापेक्षा भारी डिस्टन्सिंग. पण त्याच बाया सकाळी गावातून छोटा हत्ती नावाच्या मालवाहू टेम्पोत बसून आल्या, वीस-पंचवीस जणी, मांडीला मांडी लावून, थंडी वाजते म्हणून ताडपत्री पाडलेली, एकीला खोकला, आणि रस्ता असा का पाऊण तास लागतेच. जाताना तेच. दिवसभराची मोकळी हवा त्या गाडीत वाया गेली. घनतेचा आकडा काढणारा माणूस त्यांना वावरात मोजते आणि रोग त्यांना गाडीत गाठते.

मुळात हवेतून, थुंकीच्या बारीक थेंबांतून पसरणाऱ्या रोगाचा हिशोब सोपा आहे. आजारी माणूस रोज किती जणांच्या जवळ येते, किती वेळ, बंद जागेत का उघड्यावर, आणि तो किती दिवस रोग देऊ शकते. यात चौरस किलोमीटर कुठंच नाही. मुंबईतला माणूस लोकलमध्ये शेकडो लोकांना घासून जाते तर आपला माणूस पानठेल्यावर, काळीपिवळीत, तेरवीच्या पंगतीत आणि घरात त्याच त्या तीसचाळीस लोकांत असते, पण तासन् तास. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडईच्या (दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या) रात्री तर लहानशा गावात नाटकाला हजार-दोन हजार माणूस एका मंडपात रात्रभर बसते, तेव्हा कुठं गेली ती घनता 74?

"साथ शहराचाच रोग." हे तर साफ खोटं. 1846 मध्ये उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर गोवर आला. वस्ती जेमतेम 7,800, तीही बेटाबेटांवर विखुरलेली, आणि त्यातले सुमारे 6,000 लोक काही महिन्यांत गोवराने पडले. पानुम नावाचा तरुण डॉक्टर तिथं जाऊन गावोगाव तारखा लिहून आला. एका गावची दहा माणसं होडी घेऊन दुसऱ्या गावी देवमाशाच्या शिकारीला गेली, आणि चौदा दिवसांनी दहाच्या दहा अंगावर पुरळ घेऊन पडले. एक जमाव, बस. ज्या म्हाताऱ्यांना 1781 च्या साथीत गोवर येऊन गेला होता तेवढे मात्र वाचले.

लांबचं नको असंल तर 1918 चा इन्फ्लुएंझा घ्या. देशात ज्या प्रांतांना सगळ्यात जास्त मार बसला त्यात मध्य प्रांत आणि वऱ्हाड होता, म्हणजे आपणच, आणि तेव्हा तर आजच्यापेक्षा माणूस कितीतरी विरळ होता. अन् फेब्रुवारी 2021 विसरले का? मुंबईत बरं चाललं होतं तेव्हा आकडे वर गेले अमरावती, अकोला, यवतमाळकडे, 22 फेब्रुवारीच्या रात्रीपासून अमरावती आणि अचलपूर आठवडाभर बंद.

दाटीचा काहीच फरक पडत नाही असं मी म्हणत नाही हां. पडते. आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या) सिरो सर्व्हेत, म्हणजे रक्त तपासणीत, डिसेंबर 2020-जानेवारी 2021 मध्ये ग्रामीण भागात साधारण 19 टक्के लोकांत अँटिबॉडी (रोग येऊन गेल्याची किंवा लस घेतल्याची रक्तातली खूण) होत्या आणि शहरातल्या झोपडपट्ट्यांत 32 टक्क्यांच्या जवळ. पण जून-जुलै 2021 मध्ये ग्रामीण 66.7 आणि शहरी 69.6. (लस घेतलेलेही त्यात आहेत, पण निम्म्याहून जास्त लोकांनी तेव्हा घेतली नव्हती.) म्हणजे विरळ वस्तीनं आपल्याला काय दिलं तर काही महिन्यांची मुदत. ती आपण लग्नांत खर्च केली. आणि शेवटी ऑक्सिजन लागला तेव्हा नागपूर किती किलोमीटर होतं हे ज्याच्या घरी झालं त्याला विचारा, तिथं विरळपणा उलटा अंगावर आला.

आता धारावी. मेसेजवाल्याची गंमत अशी का वरती म्हणते दाटी म्हणजे साथ, आणि खाली म्हणते दाटी असून साथ थांबली, एक काहीतरी ठरवा ना बाप्पा. झालं असं होतं का धारावीत घरात अंतर ठेवणं शक्यच नव्हतं म्हणून महापालिकेनं घरोघर तपासणी केली आणि संशयितांना उचलून शाळांत, हॉलमध्ये नेऊन ठेवलं. म्हणजे अंतर सोडलं नाही, अंतर तयार केलं. आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सगळीकडे ते जमलं असं नाही, जुलै 2020 मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्त तपासलं तेव्हा झोपडपट्टीत 57 टक्के आणि बाहेर 16 टक्के लोकांत अँटिबॉडी सापडल्या होत्या.

"अंतर पाळून काय झालं?" हे झालं: 2020-21 च्या हंगामात साधा फ्लू जगभर जवळजवळ गायब होता. मास्क, बंद शाळा, थांबलेला प्रवास, अंतर, सगळं मिळून. इन्फ्लुएंझा बी चा यामागाता नावाचा एक प्रकार तर मार्च 2020 नंतर कुठंच खात्रीनं सापडला नाही, इतका का आता तो लसीतूनही काढायला सांगितला. आणि अंतर ही काय परदेशातून आलेली अक्कल नाही, प्लेगात आपलेच पणजोबा गाव रिकामं करून वावरात झोपड्या टाकून राहत होते.

मेसेजमधली एकच गोष्ट मला पटते, नियम शहराच्या मापानं कापले होते. उघड्या मैदानातला आठवडी बाजार बंद केला, जिथं दुकानं दूर दूर मांडली असती तर भाजीवाल्याचं पोट चाललं असतं, आणि बंद हॉलमधल्या लग्नाला पन्नासची परवानगी दिली. तेरवी घरच्या लोकांपुरती, तीही अंगणात, हे कोणी धडपणे सांगितलं नाही. मजुरांच्या गाडीला एकाऐवजी दोन फेऱ्या मारायच्या तर डिझेल कोण टाकणार, वावरवाला का मुकादम, हे ग्रामसभेत ठरवायला पाहिजे होतं. आमच्याकडे तो विषय निघालाच नाही, पुण्याहून आलेल्या पोरांना शाळेत ठेवायचं का वावरातल्या खोपडीत, यातच सारी सभा गेली, आणि ती सभा भरली होती पंचायतीच्या बंद खोलीत.