परक्या गॅरेजचे रंगकाम

फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजेच एफएचए, ही १९३४ साली स्थापन झालेली अमेरिकन सरकारी संस्था स्वतः कर्ज देत नाही. बँकेने दिलेल्या गृहकर्जाचा ती विमा उतरवते. कर्ज बुडालेच तर भरपाई बँकेला मिळते आणि विम्याचा हप्ता मात्र कर्जदार भरतो: कर्जाच्या १.७५ टक्के सुरुवातीला आणि त्यानंतर दरवर्षी वेगळा. किमतीच्या अवघे साडेतीन टक्के रोख भरून न्यू जर्सीत घर मिळत असल्यामुळे ही व्यवस्था मी आनंदाने मान्य केली होती. मात्र या विम्यासाठी कर्जदाराइतकेच घरही पात्र ठरावे लागते, आणि घराला कर्जदारासारखी गोड बोलून वेळ मारून नेता येत नाही.

आम्ही पसंत केलेले घर १९५२ साली बांधलेले होते. त्याचे मूल्यमापन करायला आलेले अप्रेझर अत्यंत मितभाषी होते. त्यांची फी मी भरली होती, तरी ते बँकेसाठी काम करत असल्यामुळे माझ्या कोणत्याही प्रश्नाचे उत्तर देणे त्यांना बंधनकारक नव्हते. त्यांनी प्रत्येक नळ सोडून पाहिला, संडासाची टाकी ओढली, हीटर सुरू केला आणि शिडीवर चढून माळ्याच्या झरोक्यातून डोके व खांदे आत घातले. माळ्याची एवढी पाहणी नियमाने आवश्यक असते; खांद्यांखालच्या देहाने शिडीवरच थांबले तरी चालते. छप्पर आणखी किमान दोन वर्षे टिकेल, असा त्यांचा अंदाज पडला. इतके लेखी आश्वासन मला माझ्या डॉक्टरांनीही कधी दिलेले नाही.

दिवाणखान्यात मांजरांच्या कित्येक पिढ्यांनी पावन केलेला गालिचा होता आणि स्वयंपाकघराचा ओटा कडेने कुजला होता. या दोन्हींकडे ते पाहतील आणि किंमत तरी उतरेल, अशी माझी गुप्त आशा होती. परंतु घर राहायला सुरक्षित, आरोग्याला निर्धोक आणि बांधणीने भक्कम असावे, एवढीच एफएचएची अपेक्षा असते. २००५ साली नियम शिथिल झाल्यापासून मळका गालिचा आणि झिजलेला ओटा यांच्यासाठी कर्ज अडत नाही. घराच्या किमतीवर शिक्कामोर्तब झाले आणि सगळे अडले ते मागच्या गॅरेजच्या खिडकीपाशी. तिच्या चौकटीचा रंग पापुद्रे धरून उडत होता.

अमेरिकेत घरांच्या रंगात शिसे वापरण्यावर १९७८ साली बंदी आली. त्याआधीच्या घरात कुठेही, अगदी गॅरेजला किंवा कुंपणालाही, रंग सुटलेला दिसला की तो खरवडून पुन्हा लावल्याशिवाय कर्ज मंजूर होत नाही. त्या रंगात शिसे खरोखर आहे की नाही, हे अप्रेझर तपासत बसत नाहीत. घराचे वय आणि रंगाची अवस्था एवढा पुरावा त्यांना पुरतो. शिशाची धूळ लहान मुलांच्या पोटात गेली तर मेंदूच्या वाढीला अपाय होतो, त्यामुळे हा नियम मला मनापासून पटतो. रंग खरवडायचा कोणी, याबाबतीत मात्र नियम मौन पाळतो.

घराचे मालक निवृत्त गृहस्थ होते. “घर जसे आहे तसे विकायचे ठरले होते,” असे म्हणून ते खुर्चीत मागे रेलले. हा अहवाल १८० दिवस या घराला चिकटून राहणार आहे आणि एफएचएचे कर्ज घेणाऱ्या पुढच्या ग्राहकापुढेही हीच खिडकी येईल, हे आमच्या एजंटबाईंनी त्यांना समजावले, तेव्हा पुढचा ग्राहक रोखीने घेणारा शोधू, असे त्यांनी शांतपणे सांगितले. रंग लागल्याशिवाय बँक पैसे देईना, पैसे मिळाल्याशिवाय घर माझे होईना, आणि घर माझे नसताना त्याला रंग लावण्याचा मला अधिकार नव्हता. अखेर एजंटबाईंनी एक कागद तयार केला. त्यानुसार मालकांनी मला रंग लावण्याची परवानगी दिली आणि मी शिडीवरून पडल्यास त्याची जबाबदारी त्यांच्यावर नसल्याचे मी मान्य केले.

लष्कराच्या भाकऱ्या भाजणे काय असते, याचा अनुभव घ्यायला नोव्हेंबर महिना योग्य नाही. निवडलेल्या रंगाच्या डब्यावर दहा अंश सेल्सियसच्या खाली तो लावू नये, असे छापले होते, त्यामुळे माझे रंगकाम दुपारच्या उन्हाच्या तिरिपीमागून सरकत असे. शिशाची धूळ उडू नये म्हणून जमिनीवर प्लास्टिक अंथरायचे, चौकट पाण्याने भिजवायची, मग खरवडायची आणि पडलेला प्रत्येक कपटा वेचून पिशवीत भरायचा. माझी पत्नी खाली शिडी धरून उभी असे. आपल्या सातारच्या घराच्या भिंतीला इतकी वर्षे हात लावला नाहीत, एवढेच ती अधूनमधून म्हणे.

अप्रेझर पुन्हा आले, पुनर्तपासणीची वेगळी फी त्यांनी माझ्याकडूनच घेतली आणि खिडकीचे छायाचित्र काढून मूकपणे निघून गेले. त्यांच्यामागोमाग मालक अंगणात आले. चौकटीवरून त्यांनी बोट फिरवले, दोन पावले मागे सरून गॅरेज एकदा नीट न्याहाळले आणि आपण किंमत थोडी कमीच सांगितली की काय, असे एजंटबाईंना विचारले.