ज्वारी खाऊन आव थांबत नाही

गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा वाद अधूनमधून उकरला जातोच. कुणाच्या पोराला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडतात, शौचातून रक्त जातं) निघतो आणि तासाभरात निकाल लागतो: हे गोऱ्यांचं दुखणं, ब्रेड-पिझ्झ्याचं. "आपल्या बुढ्यानं जनमभर ज्वारीची भाकर खाल्ली, त्याले झालं का असं?" झालंही असेल. रक्ती आव म्हणून गेला असेल. त्याची कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं मोठ्या आतड्याची तपासणी, कोणी केली होती?

पंजाबातल्या पाहणीत लाखामागे सुमारे ४४ जणांना हा आजार निघाला. ती २००३ साली छापून आली. मी राहतो त्या इंग्लंडमध्ये, लेस्टर शहरात, भारतीय वंशाच्या लोकांत तो गोऱ्यांपेक्षा जास्त असल्याची नोंद १९९२ची आहे. यावर ग्रुप म्हणेल, "बघा, तिकडे जाऊनच झालं." म्हणोत. राहणी बदलली की हा आजार वाढतो हे खरं, पण राहणी बदलायला आता विमानात बसावं लागत नाही.

बरं, भाकरीचंच बोलू. आजार शांत असेल तर भाकर, वरण, भाजी, सगळं खावं. क्रोन्समध्ये (हाही आतड्याच्या सुजेचाच, कोलायटिसच्या जोडीचा आजार) आतडं एखाद्या जागी अरुंद झालं असेल तर मात्र जाडाभरडा कोंडा, अंबाडीची भाजी, भुट्टा, सालासकट चणे तिथेच अडकतात. पोट फुगतं, कळा येतात, उलट्या होतात. वरुडची संत्रीसुद्धा फोडीवरचा पापुद्रा काढून, गर चावून खावी. हे पथ्य अडथळ्यापुरतं आहे, त्यानं आतली सूज उतरत नाही.

सूज उतरते औषधानं, आणि गाडी नेमकी तिथेच रुळावरून घसरते. कोलायटिस वाढलेला असताना मेसालामाइन हे सूज उतरवणारं औषध दिवसाला २.४ ते ४.८ ग्रॅम लागतं. गोळी फोडायची किंवा कुटायची नाही, नाहीतर औषध मोठ्या आतड्याच्या आधीच सुटतं. आजार गुदाशयापुरता असेल तर रात्री १ ग्रॅमची सपोझिटरी (गुदद्वारातून ठेवायची गोळी), डाव्या बाजूला वर चढलेला असेल तर एनिमा (बाटलीनं गुदद्वारातून सोडायचं पातळ औषध). तोंडानं आणि खालून, दोन्हीकडून दिलं तर नुसत्या गोळीपेक्षा चांगला गुण येतो. पण पहिली चूक इथेच होते: खालून औषध घ्यायची लाज वाटते आणि डबा तसाच पडून राहतो. एनिमाची रीत साधी आहे: संडासला जाऊन यावं, डाव्या कुशीवर निजावं, बाटली हलवून हातात थोडी कोमट करावी, हळूहळू दाबावी आणि अर्धा तास तरी उठू नये. चंद्रपूरच्या मे महिन्यात सपोझिटरी मऊ पडते. वेष्टनासकट पाच मिनिटं माठातल्या पाण्यात धरली की घट्ट होते.

दुसरी चूक म्हणजे रक्त थांबलं की गोळी बंद. तिसरी स्टेरॉइडची. प्रेडनिसोलोन साधारण ४० मिलिग्रॅमपासून सुरू करून दर आठवड्याला ५नं उतरवायचं असतं. कुणी ते एकदम सोडतो, कुणी 'ताकदीची गोळी' म्हणून वर्षभर खातो. त्यात सांधे दुखले की डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन, आणि त्यानंही आजार उसळू शकतो.

क्रोन्सचा घोळ वेगळाच. आतड्याचा टीबी दुर्बिणीतून अगदी तसाच दिसतो, म्हणून आपल्याकडे बरेचदा आधी टीबीची औषधं देऊन पाहतात. ते चूक नाही. पण दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करून व्रण भरलेत का, हे पाहायला हवं. नुसतं बरं वाटणं पुरत नाही. सिरोंच्याहून गडचिरोलीच दोनशे किलोमीटरच्या पुढे, मग नागपूर किंवा सेवाग्राम. दुसरी कोलोनोस्कोपी राहून जाते. क्रोन्समुळे झालेल्या भगंदराचं दोनदा ऑपरेशन होतं आणि आतड्याकडे कोणी बघतच नाही. हिमोग्लोबिन सातवर आलं की आपल्या भागात आधी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा संशय येतो. तो तपासावाच, पण शौचातून रक्त जातं का हेही विचारावं.

इथे इंग्लंडमध्ये खिशात रडार-की (अपंगांसाठीच्या सार्वजनिक संडासांची किल्ली) असते, आजार उसळला की आयबीडी (आतड्याच्या सुजेचे आजार) नर्सला फोन, कॅलप्रोटेक्टिनसाठी (आतड्यातली सूज दाखवणारी शौचाची तपासणी) नमुना जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडे. लिहिताना थोडा तोरा येतो, हे मलाही कळतं. ग्रुपवर कोणी "तू तिकडेच राहा" म्हटलं की तो उतरतोही, कारण उत्तर सुचत नाही. पण कापूस वेचणाऱ्या बाईला दिवसातून दहा वेळा जावं लागतं आणि शेतात पराटीशिवाय आडोसा नसतो, हे दिसायला तिथे राहायलाच हवं असं नाही. म्हणून ती दिवसभर पाणी पीत नाही, उन्हात आणखी सुकते. घरी बारा हजारांच्या अनुदानातून बांधलेला संडास असतो. त्यात सरपण असतं आणि एप्रिलनंतर पाणी नसतं.

सरकारी योजनेचं कार्ड भरती झाल्यावर कामाला येतं, रोजची गोळी खिशातून. २०१६च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे, पण कोलायटिस किंवा क्रोन्स नाही. तेव्हा भांडायचंच तर ग्रामीण रुग्णालयात मेसालामाइन फुकट मिळावं म्हणून भांडा. फक्त इंग्लंडचा दाखला देऊ नका. इथेही या आजाराला औषधाच्या पैशांची माफी नाही. कायमचा स्टोमा (शौचासाठी पोटावर काढलेली वाट) असेल तरच मिळते, नाहीतर दर औषधाला नऊ पौंड नव्वद. तुमच्याकडच्या सरकारी साहेबाला हे कळलं तर तो हाच दाखला तुमच्यावर उलटवेल.